रिकाम्या खोलीचं वाचन

जानकी धुरी आमच्या गाळ्यात दोन वर्षं चार महिने होती. तिचं आडनाव धुरी आहे हे मला ती गेल्यानंतर कळलं, तेसुद्धा तिचा पत्ता शोधायची गरज पडली म्हणून. तोवर ती मावशी होती. हा शब्द फार सोयीचा आहे. एकदा मावशी म्हटलं की बाईचं नाव, गाव, हुद्दा काहीच विचारावं लागत नाही, आणि आपण किती घरच्यासारखे वागतो याचं कौतुकही आपलं आपल्यालाच करून घेता येतं. मी ते भरपूर करून घेतलं आहे, त्यामुळे इथे साळसूदपणाचा आव आणणार नाही.

गाळा साकीनाक्याला, एका जुन्या औद्योगिक इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. खाली बाटल्यांची झाकणं निघत, शेजारी चपलांचे तळ कापत, आणि दिवसभर पायाखालची जमीन थरथरत असे. मालक अनिरुद्ध. मुलुंडचा, परदेशात शिकून आलेला, बोलायला गोड आणि माणसं जोखायला पक्का. मी हर्षद, त्याच्याच कॉलेजातला, त्याच्याहून सहा वर्षांनी लहान इंजिनीअर. कोणी भेटायला आलं की अनिरुद्ध सांगायचा, आम्ही दोघांनी हे सगळं शून्यातून उभं केलं. मावशी त्या वेळी पाहुण्यांना चहा देत असायची.

आम्ही टॅग बनवायचो. मोठ्या दुकानांत कपड्यांना जो ओळख पटवणारा टॅग लावतात, त्यात एक बारीक चिप असते. चिप आली की किंमत आली. आमच्या टॅगमध्ये चिपच नव्हती. पातळ प्लास्टिकवर चांदीच्या शाईने छापलेल्या चोवीस रेघा, केसांच्या आकड्यासारख्या वाकवलेल्या, एकीच्या पोटात दुसरी. बस, एवढंच. समोरून रेडिओलहरी सोडायच्या. प्रत्येक रेघ आपल्या लांबीप्रमाणे एक ठरावीक लहर गिळते, बाकीच्या परत येतात. संगणकाच्या पडद्यावर आलेख उमटतो आणि गिळलेल्या लहरीच्या जागी त्यात खड्डा पडतो. रेघांच्या लांब्या जराजरा बदलल्या की खड्ड्यांच्या जागा बदलतात आणि टॅगचा क्रमांकही बदलतो. मुंबईत राहून खड्डे मोजायचा पगार मिळतो हे माझ्या आईला बरेच दिवस पटत नव्हतं.

हे टॅग औषधांच्या पाकिटांवर चिकटवायचे आणि औषधांचं कपाट इंटरनेटला जोडायचं, अशी एका कंपनीची कल्पना होती. म्हाताऱ्या बापाने सकाळची गोळी काढली की नाही, हे कपाट परगावच्या मुलीला मोबाइलवर कळवणार. चिपवाला टॅग या कामाला परवडणारा नव्हता, आमचा परवडणार होता. ही एक ऑर्डर मिळाली की आम्ही गाळा सोडून अंधेरीला काचेच्या इमारतीत जाणार होतो. अनिरुद्धने तिथली जागा बघूनही ठेवली होती.

मावशीला त्याने आणलं ते छपाईसाठी. ती त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बावीस वर्षं काम करत होती. मिक्सरची बटणं, विजेचे बोर्ड यांच्यावरची अक्षरं छापणारा कारखाना होता तो. कारखाना बंद झाला आणि अनिरुद्धला जिन्यातच कारागीर मिळाली. वय एक्कावन्न, लग्न केलेलं नाही, शिक्षण दहावी. वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर परळची खोली गेली आणि घर घाटकोपरला भटवाडीत आलं. तिथे ती धाकटा भाऊ, वहिनी आणि दोन भाचे यांच्याबरोबर राहायची. घरात तिला एक खाट होती आणि तिच्या शब्दाला थोडा मान होता. तो कशामुळे आहे याबद्दल तिच्या मनात भ्रम नव्हता. कमावते तोवर आत्या, मग अडगळ, असं ती डबा खाताना एकदा म्हणाली होती, आणि मग लोणचं पुढे केलं होतं.

जाळी ताणलेली चौकट, तिच्यावर शाई आणि ती ओढायची रबरी पट्टी, एवढी तिची हत्यारं. पहिले तीन महिने आमचं काहीच जमत नव्हतं. मी संगणकावर रेघा आखायचो, त्या पडद्यावर सुंदर दिसायच्या, छापल्या की फुगायच्या. दोन रेघांमधली फट बुजायची आणि खड्डे भलतीकडेच पडायचे. माझा शाईला, जाळीला आणि मावशीला दोष देऊन झाला. एक दिवस तिने माझ्यासमोर बटर पेपर ठेवला. त्यावर पेन्सिलीने माझीच आकृती काढली होती, पण वाकणांपाशी रेघ आतून बारीक केलेली, आणि सगळ्यात आतल्या रेघा तर इतक्या नाजूक की मला त्या चुकल्यासारख्या वाटल्या. शाई आपण ठेवतो तिथे थांबत नाही, वळणावर गोळा होते, तिला पसरायला जागा आधीच सोडावी लागते, असं तिचं म्हणणं. मी ती आकृती जशीच्या तशी संगणकात घातली. पहिल्याच छपाईत चोवीसपैकी बावीस खड्डे जागेवर पडले.

त्या दिवसापासून टॅगची रचना तीच करायची. मी फक्त मापं टाइप करायचो. लहर म्हणजे काय हे तिला सांगता आलं नसतं, पण लांब रेघेचा खड्डा डावीकडे पडतो आणि आखूड रेघेचा उजवीकडे, हे तिला पुरेसं होतं. रेघ मुद्दाम केसभर लांब छापायची, मग घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून ब्लेडच्या टोकाने शेवट खरवडायचा. खड्डा सरकत सरकत नेमका जागेवर आला की ती हात उचलायची. असा हात मी पुन्हा कुठे पाहिलेला नाही. कागदपत्रांवर नावं कोणाची लागली हे वेगळं सांगायला नको.

अनिरुद्धला तिची गंमत करायला आवडायचं. पाहुणे आले की तो तिला बाहेर बोलवायचा आणि विचारायचा, मावशी, आपण इथे काय बनवतो? ती एप्रनला हात पुसत एका दमात म्हणायची, चिपलेस रेडिओ फ्रीक्वेन्सी आयडेंटिफिकेशन. पाहुणे टाळ्या वाजवायचे. एकाने व्हिडिओ काढला होता. मी दर वेळी हसायचो. एकदा तिला विचारलं, वाईट नाही वाटत? ती म्हणाली, माझं पाठांतर लहानपणापासून चांगलं आहे. मला तेव्हा वाटलं, बाईला चेष्टा कळतच नाही.

आता त्या खोलीबद्दल सांगतो. गाळ्याच्या कोपऱ्यात प्लायवूडची खोली केली होती, तिला काचेचं दार. आत अँटेना, समोर लाकडी स्टँड, स्टँडवर टॅग. मी बाहेर संगणकापाशी बसायचो. अडचण अशी की लहरी नुसत्या टॅगवरून परत येत नाहीत. भिंतीवरून, पंख्यावरून, टेबलावरून, सगळीकडून येतात. त्या गलक्यात टॅगचा आवाज अगदी क्षीण. म्हणून आधी टॅग न ठेवता खोलीचं वाचन घ्यायचं. त्याला आम्ही नुसतं ‘रिकामं’ म्हणायचो. मग टॅग ठेवून वाचन घ्यायचं आणि त्यातून रिकामं वजा करायचं. जे उरेल तो टॅग. रिकामं घेतल्यानंतर खोलीतली एकही वस्तू हलली तर हिशोब कोलमडतो. म्हणून पंखा, टेबल, कचऱ्याचा डबा, सगळ्यांभोवती जमिनीवर लाल टेप मारलेली होती. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडू नये म्हणून खालून चिकटवलं होतं. अशा अकरा वस्तूंची यादी मी रोज सकाळी तपासायचो.

मावशी खोलीच्या आत बसायची. टॅग ठेवायचा, काढायचा, खरवडून पुन्हा ठेवायचा हे तिचं काम. सारखं दार उघडायला नको म्हणून स्टँडच्या मागे तिचं स्टूल होतं. सुरुवातीला एकदा वाचन चालू असताना तिने पदर सारखा केला आणि आलेख हलला. अनिरुद्ध तिला असं काही बोलला की त्यानंतर ती वाचनाच्या वेळी कधी हलली नाही. एका वाचनाला पंधरा सेकंद लागायचे. तेवढा वेळ ती श्वास धरून बसायची, खोकला आला तर गिळायची, आणि हे दिवसातून शंभर-दीडशे वेळा. सकाळी मी बाहेरून विचारायचो, आत सगळं ठीक ना? ती स्टुलावर ताठ बसून सांगायची, “घे, रिकामं आहे.” मी कळ दाबायचो आणि नोंदवहीत लिहायचो: खोली रिकामी. पुढे माझी सही.

ती गणपतीला कुडाळला गेली की आम्ही वाचनं घेतच नसू, कारण खरवडणार कोण. म्हणून दोन वर्षांत काहीच उघडकीला आलं नाही.

मार्चमध्ये कपाटवाल्या कंपनीची गंधाली नावाची अधिकारी टॅग बघायला येणार असं ठरलं. अनिरुद्धने मावशीला बोलावून सांगितलं की त्या दिवशी चोवीसपैकी चोवीस खड्डे आले की ऑर्डर आपली, आणि मग अंधेरीला तुम्हीही येणार. तिने विचारलं, तिथे तर छपाई बाहेरून मशीनवर होणार, मग मी काय करू? तो म्हणाला, तुम्ही रेखाटायचं. टेबल मिळेल, गळ्यात ओळखपत्र मिळेल, त्यावर डिझायनर लिहिलेलं असेल. हे ती दोनदा विचारून गेली, एकदा त्याला आणि एकदा मला, खरंच म्हणाले ना ते, म्हणून. दुसऱ्या दिवशी ओळखपत्राला लागतील म्हणून तिने चार फोटो काढून आणले आणि माझ्याकडे दिले. इस्त्रीची साडी, केसांना तेल, आणि फोटोवाल्याने सांगूनही न हसलेला चेहरा.

ते ओळखपत्र तिला कशासाठी हवं होतं हे तिने जेवताना सांगितलं. थोरल्या भाच्याचं लग्न ठरत होतं आणि घरात जागा नव्हती. वहिनीने, म्हणजे शेवंतीने, बोलायला सुरुवात केली होती की गावचं घर बंद पडलंय, आत्यांनी आता तिथे जाऊन दिवाबत्ती करावी. गावाला चुलत्यांच्या भांडणात अर्धं पडलेलं घर आणि रात्रंदिवस एकटेपणा, एवढंच होतं. अंधेरीची नोकरी लागली तर कोणी जा म्हणणार नव्हतं. आयुष्य मुंबईत गेलंय रे, मला तिथे कोण ओळखतं, असं ती म्हणाली.

गंधाली यायची त्या दिवशी सकाळी साडेदहाला मी यादीतल्या अकरा वस्तू तपासल्या. आतून मावशी म्हणाली, रिकामं आहे. मी कळ दाबली, नोंद केली, सही केली. तिने आठवडाभर खपून तयार केलेल्या बारा टॅगांपैकी तीन लावून पाहिले. तिन्हींचे चोवीस खड्डे जागच्या जागी. सव्वाअकराला गंधाली दोन सहकाऱ्यांना घेऊन आली तेव्हा अनिरुद्धने मला बाजूला घेतलं. मावशीचा एप्रन शाईने काळा झाला होता, हात राखाडी. खोलीत कोणी नको, दिसायला स्वच्छ दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मावशीला त्याने खाली झाकणवाल्यांकडे जाऊन बसायला सांगितलं, बोलावेपर्यंत वर येऊ नका म्हणाला. ती चपला हातात घेऊन पाहुण्यांच्या मागून गुपचूप गेली.

मी पहिला टॅग स्टँडवर ठेवला, बाहेर आलो, दार लावलं. सतरा खड्डे आले, त्यातले पाच चुकीच्या जागी. दुसऱ्या टॅगचा आलेख म्हणजे नुसता खडबडीत रस्ता. तिसऱ्याने चक्क भलत्याच टॅगचा क्रमांक सांगितला. मी केबल तपासली, पुन्हा वाचलं, यादीतल्या अकरा वस्तू काचेतून पुन्हा मोजल्या. सगळ्या लाल टेपच्या आत होत्या. खोलीतलं काहीही हललेलं नाही असं मी अनिरुद्धला हळू आवाजात सांगितलं, आणि तसं मला मनापासून वाटत होतं.

गंधाली चिडली नाही. तिने एवढंच विचारलं की टॅगचं शेवटचं जुळवणं कसं होतं. अनिरुद्धने पापणीही न लववता सांगितलं की ते अजून हाताने होतं, एक वयस्क कामगार बाई आहे, आणि आता तिचा हात पहिल्यासारखा राहिलेला नाही. गंधाली म्हणाली, औषधाचं काम आहे, चुकीचा क्रमांक म्हणजे चुकीची गोळी. हातकाम काढून टाका आणि तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवा. एवढं बोलून ती गेली. चहा तसाच राहिला.

मावशीला वर बोलावलं. अनिरुद्ध ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळुवार बोलला.

“मावशी, तुमचा हात गेला.”

ती म्हणाली, सकाळी तर तिन्ही बरोबर आले होते. तो म्हणाला, सकाळी नशीब होतं. तिने एकदा लावून बघू का विचारलं. आता पुरे झालं, असं तो म्हणाला, आणि उद्यापासून यायची गरज नाही हेही त्याच आवाजात सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे बघत होतो, कारण तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

ती आपलं भिंग आणि ब्लेड घ्यायला खोलीत गेली. शेवटचा टॅग अजून स्टँडवरच होता आणि माझं वाचन आपोआप पुन्हा पुन्हा चालू होतं, बंद करायचं भान मला राहिलं नव्हतं. भिंग उचलून ती स्टुलावर बसली. नुसती बसली, हात मांडीवर, नेहमीच्या जागी, नेहमीसारखी ताठ. पडद्यावरचा खडबडीत रस्ता गुळगुळीत झाला आणि खड्डे पडले. मी मोजले. चोवीस. ती ब्लेड घ्यायला उठली तेव्हा आलेख पुन्हा विसकटला. परत बसली, परत चोवीस.

माणसाच्या अंगात निम्म्याहून अधिक पाणी असतं आणि पाण्यावरून लहरी परततात, हे मला दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत विचारलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं. आमच्या प्रत्येक ‘रिकाम्या’त ती होती. दोन वर्षं आम्ही प्रत्येक वाचनातून पंखा, टेबल, कचऱ्याचा डबा आणि जानकी धुरी वजा करत होतो. त्या दिवशी ती खाली बसली होती आणि नसलेल्या बाईला वजा करून जे उरलं, ते आम्ही पाहुण्यांना दाखवलं. इतकी ढोबळ चूक पहिल्या वर्षाच्या पोरानेही केली नसती. त्याला खोलीत बाई दिसली असती. यादीत कचऱ्याचा डबा चौथ्या क्रमांकावर होता.

मी अनिरुद्धला हाक मारली आणि पडद्याकडे बोट दाखवलं. हुशार माणूस आहे तो, अर्ध्या मिनिटात त्याला कळलं. त्याने काचेतून तिच्याकडे पाहिलं, मग स्क्रीन बंद केली आणि आवाज खाली आणला.

“रिकामं कोण घेतं?”

“मी.”

“वहीत सही कोणाची?”

मी वही मिटली.

“गंधालीला संध्याकाळी मेल करायचाय. मावशीचा हात चुकला असं लिहू, की तुझं डोकं? एकालाच अंधेरीला नेता येईल. तू सांग.”

मला अंधेरीला जायचं होतं. याला दुसरं काही कारण देता येईल का, हे मी पुष्कळ शोधून पाहिलं आहे. मी म्हणालो, मावशीचा.

ती डबा आणि पिशवी घेऊन बाहेर आली, गाळ्याची किल्ली टेबलावर ठेवली आणि अनिरुद्धला म्हणाली की माझ्यामुळे परक्या माणसांसमोर तुमचं नाक कापलं गेलं, मनात ठेवू नका. तो म्हणाला, असू दे, असू दे. मी तिला जिन्यापर्यंत सोडायलाही उठलो नाही.

तीन आठवड्यांनी गंधाली पुन्हा आली. या वेळी रिकामं खरोखरच रिकामं होतं, स्टूलसुद्धा बाहेर काढलेलं. टॅग मावशीचेच होते, त्याच बारांमधले. अनिरुद्धने ते मशीनवर जुळवलेले म्हणून दाखवले. बाराच्या बारा टॅगांचे चोवीस खड्डे, एकही इकडचा तिकडे नाही. गंधाली म्हणाली की आता फरक दिसतो. ऑर्डर मिळाली, आम्ही अंधेरीला गेलो, माझ्या गळ्यात ओळखपत्र आलं. हलवाहलवीत तिचे चार फोटो माझ्या खणात सापडले. ते मी जुन्या केबलांबरोबर टाकून दिले.

दोन महिन्यांत काम अडलं. औषधाचं नवं पाकीट निम्म्या आकाराचं निघालं. त्यावर बसेल असा लहान टॅग करायचा तर सगळी वळणं नव्याने आखायला हवी होती. मी आखलं, वसईच्या मशीनवाल्याने छापलं, आणि रेघा पुन्हा फुगल्या. सहा वेळा करून पाहिलं. मशीन स्वच्छ छापत होतं, आकृतीच चुकीची होती. किती जागा कुठे सोडायची, हे ज्याला माहीत होतं ते माणूस भटवाडीत होतं. अनिरुद्ध म्हणाला, जाऊन विचारून ये, साधी आहे ती, सांगेल. आणि बाकीचं काही बोलत बसू नकोस.

रविवारी सकाळी मी गेलो. दार शेवंतीने उघडलं. बरं झालं आलात, म्हणाली, आत्या मंगळवारी गावाला चालल्यात. दाराशी दोन पिशव्या बांधून ठेवल्या होत्या. मावशीला मला बघून खरंच आनंद झाला. अंधेरीची जागा कशी आहे, जेवायला वेळ मिळतो का, हे तिने आधी विचारलं, मग मी काढलेली आकृती दिव्याखाली धरली. मी पेन्सिल पुढे केली तर घेतली नाही. माझ्या हाताचा भरवसा नाही, मी सांगते, तू काढ, म्हणाली. तासभर ती बोट ठेवून सांगत होती आणि मी काढत होतो. तिसऱ्या वळणाला आतून किती बारीक, सर्वांत आतली रेघ किती तोकडी, शाई घट्ट असेल तर किती आणि पातळ असेल तर किती. तिने प्रत्येक माप माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. माझ्यासारखी चूक तुझ्याकडून नको व्हायला, असं म्हणाली. तिचं बोट एकदाही थरथरलं नाही.

मी कागद गुंडाळला तेव्हा तिने सांगितलं की साकीनाक्याच्या एका छपाईवाल्याने तिला बोलावलं आहे. जुनी ओळख. मशीनच्या बटणांवर बसवायचे प्लास्टिकचे पातळ पडदे छापतो, नाजूक काम असतं, त्याचा तीनदा फोन आला. हो म्हटलं तर गावाला जायला नको. त्याला आज उत्तर द्यायचं होतं आणि तिने ते अडवून धरलं होतं. शेवंती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

“हर्षद, खरं सांग. माझाच हात चुकला ना? सकाळी चोवीस येत होते रे. मला सारखं वाटतं, मशीनचंच काहीतरी झालं असेल. तुझा शब्द मी मानीन.”

खरं सांगून माझं आता काही बिघडणार नव्हतं. ऑर्डर पक्की झाली होती, मापं माझ्या हातात होती. अनिरुद्धला कळलं असतं तरी त्याने फार तर दोन दिवस तोंड फिरवलं असतं. पण मग तिने विचारलं असतं, तुला कधी कळलं? आणि त्याचं उत्तर होतं, त्याच दिवशी, तू भिंग घ्यायला खोलीत गेलीस तेव्हा. ते उत्तर तिच्या तोंडावर द्यायची माझी हिंमत झाली नाही. तेवढ्यासाठी मी तिचं उरलेलं आयुष्य दिलं.

“हो मावशी,” मी म्हणालो. “हातच चुकला.”

तिने मान हलवली. थोडा वेळ आपल्या बोटांकडे पाहिलं, मग दाराकडे वळून म्हणाली, “शेवंती, त्या छपाईवाल्याक फोन कर गो. सांग, मी येवचंय नाय. लोकांचा काम बिघडवक नको.” शेवंती लगेच आत गेली. आतून नंबर लावल्याचा आवाज आला.

मावशीने मला जिन्यापर्यंत सोडलं. गुंडाळलेला कागद पावसाने भिजू नये म्हणून तिने त्याला एक प्लास्टिकची पिशवी घातली, दोन्ही टोकं नीट दुमडली आणि माझ्या हातात दिला.

“बरं झालं तू स्पष्ट सांगितलंस,” ती म्हणाली. “मी उगाच तीन महिने तुमच्या मशीनवर संशय घेत बसले.”